पगाराची बोलणी करण्याआधी : आकडे कोठून आणि कसे जमवावेत

पगार ठरवण्याच्या बैठकीत दोन बाजू समोरासमोर बसतात, पण कागद बहुधा एकाच बाजूकडे असतात. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला त्या पदासाठी मंजूर झालेली रक्कम ठाऊक असते, तेच काम करणाऱ्या इतरांचे पगार ठाऊक असतात, अलीकडे मुलाखतीला येऊन गेलेल्या उमेदवारांच्या अपेक्षा ठाऊक असतात आणि मोठ्या कंपन्यांकडे तर विकत घेतलेली पगार-सर्वेक्षणेही असतात. उमेदवाराकडे स्वतःचा सध्याचा पगार आणि एखाद्या मित्राने सांगितलेला एक आकडा, एवढेच असते.

माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी, चाकणजवळच्या एका कारखान्यात मला अपेक्षा विचारली गेली तेव्हा घरून निघताना वडिलांनी सुचवलेला आकडा मी सांगितला आणि तो तत्काळ मान्य झाला. त्याच आठवड्यात, त्याच कामावर, तीच पदवी घेऊन रुजू झालेल्या सहकाऱ्याला दरमहा माझ्यापेक्षा चार हजार रुपये जास्त ठरले होते, हे मला वर्षभराने कळले. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत मिळत गेल्यामुळे ते अंतर मिटले तर नाहीच, उलट रुपयांत वाढतच गेले. त्याने वेगळे काही केले नव्हते. तो मुलाखतीला येण्याआधी त्याच परिसरातल्या तीन कारखान्यांत चौकशी करून आला होता. नोकरीत नव्याने पाऊल टाकणाऱ्यांना किंवा पहिल्यांदाच नोकरी बदलणाऱ्यांना ती चौकशी नीट करता यावी, यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : आधी सीटीसी उकला

बाजारभाव शोधण्याआधी आपण कोणता आकडा शोधत आहोत हे ठरवावे लागते, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाकाठी येणारा खर्च. तो सगळा तुमच्या खात्यात जमा होत नाही. त्यात मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता असतो. शिवाय कंपनीने भरायचा पीएफचा (भविष्यनिर्वाह निधीचा) वाटा, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद, आरोग्यविम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल भागही धरलेला असू शकतो. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाचे ४.८१ टक्के धरण्याची पद्धत आहे. प्रत्येक वर्षाच्या नोकरीसाठी पंधरा दिवसांचे वेतन आणि महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, या कायद्यातल्या सूत्रातून तो आकडा येतो. परंतु कायम कर्मचाऱ्याला ही रक्कम सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी केल्यावरच मिळते, म्हणजे तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीतला तो भाग त्याच्या हाती कधीच पडत नाही.

हे किती महत्त्वाचे आहे ते एका उदाहरणाने पाहू. समजा पुण्यातल्या एका अभियंत्यापुढे दोन प्रस्ताव आहेत, एक ९ लाखांचा आणि दुसरा ८ लाख ४० हजारांचा. पहिल्यात मूळ वेतन साडेचार लाख, घरभाडे भत्ता १ लाख ८० हजार, कंपनीचा पीएफचा वाटा ५४,०००, ग्रॅच्युइटी सुमारे २१,६००, विम्याचा हप्ता १२,००० आणि व्हेरिएबल ९०,००० रुपये आहे. उरलेले सुमारे ९२,४०० रुपये विशेष भत्ता. यातला दरमहा निश्चित मिळणारा पगार सुमारे ६०,२०० रुपये होतो आणि त्यातून स्वतःचा पीएफ ४,५०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये वजा केल्यावर हातात ५५,५०० रुपये येतात. नऊ लाखांना बाराने भागून ७५,००० रुपयांची स्वप्ने पाहणाऱ्याला पहिल्या महिन्यात धक्का बसतो तो यामुळेच. दुसऱ्या प्रस्तावात व्हेरिएबल नाही, ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीबाहेर आहेत, आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर न मोजता १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरून दरमहा १,८०० रुपयेच कापला जातो; कंपनीचा तेवढाच वाटा सीटीसीत धरलेला आहे. तेथे हातात ६६,२०० रुपये पडतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत दोन्हींवर प्राप्तिकर शून्य येतो, म्हणून कराचा प्रश्न येथे बाजूला ठेवता येतो.

तरीही दुसरा प्रस्ताव निर्विवाद चांगला, असे म्हणण्याची घाई करू नये. पहिल्यात दोन्ही वाटे मिळून दरमहा ९,००० रुपये भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात जातात, दुसऱ्यात ३,६००. तेही तुमचेच पैसे आहेत. हातातला पगार आणि पीएफ यांची बेरीज केली तर पहिला प्रस्ताव ६४,५०० आणि दुसरा ६९,८०० रुपयांवर येतो. पहिल्यातले व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर महिन्याला साडेसात हजारांची भर पडून तो दुसऱ्याच्या पुढे जातो, सत्तर टक्के मिळाले तर दोन्ही जवळजवळ सारखे होतात आणि त्याहून कमी मिळाले तर तो मागे राहतो. म्हणजे या उमेदवाराने पहिल्या कंपनीला विचारायचा खरा प्रश्न पगाराबद्दलचा नाहीच. गेल्या तीन वर्षांत या स्तरावरच्या कर्मचाऱ्यांना व्हेरिएबल किती टक्के मिळाले, हा तो प्रश्न आहे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि तिच्यातल्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले (घरभाड्यासारखे) भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरला जातो, आणि पीएफ व ग्रॅच्युइटी वेतनावर मोजली जातात. त्यामुळे जुने पगारपत्रक आणि नवे ऑफर लेटर शेजारी ठेवताना मूळ वेतनाचे प्रमाण आधी पाहावे, नाहीतर त्याच सीटीसीत हातातला पगार वेगळा का येतो हे समजत नाही.

दुसरी पायरी : पदनाम बाजूला ठेवून काम लिहून काढा

एका कंपनीतला सीनियर इंजिनिअर दुसरीकडे नुसता इंजिनिअर असतो आणि तिसरीकडे असिस्टंट मॅनेजर. म्हणून आपण रोज नेमके काय करतो, हाताखाली किती माणसे आहेत, कोणती यंत्रे किंवा सॉफ्टवेअर हाताळतो, अनुभव किती वर्षांचा आहे आणि नोकरी कोणत्या शहरात आहे, हे पाच-सहा ओळींत लिहावे आणि पुढची सगळी शोधाशोध त्या ओळींना धरून करावी. हिंजवडीतला आकडा नाशिकच्या सातपूरला किंवा गोव्यातल्या वेर्ण्याला लावता येत नाही. पुण्याचा मुंबईलाही नाही, कारण तेथे वाढलेला पगार घरभाड्यातच संपू शकतो.

तिसरी पायरी : छापील आणि जाहीर माहिती

बहुतेक जण अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर अशा संकेतस्थळांपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे, फक्त तेथेच थांबू नये. ही माहिती कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेली असते. कोणी सीटीसी लिहितो, कोणी निश्चित पगार, कोणी जोइनिंग बोनस धरून बेरीज करतो. म्हणून आकडा पाहण्याआधी तो किती जणांच्या नोंदींवरून काढला आहे, नोंदी कधीच्या आहेत आणि अनुभवाची व शहराची चाळणी लावल्यावर किती उरतात हे पाहावे. पाच-सात नोंदींच्या सरासरीवर विसंबून कोणी बोलणी करू नयेत. त्यातला एखादा मोठा पगार सगळी सरासरी वर ओढतो. नोकरी डॉट कॉमवर जाहिरातींसोबत पगाराची पट्टी दिलेली असते तेव्हा ती मात्र टिपून ठेवावी, कारण ती कंपनी आज किती द्यायला तयार आहे हे सांगते, कोणे काळी कोणाला किती मिळत होते हे नव्हे.

यापेक्षा कितीतरी भक्कम असा एक स्रोत आहे आणि तो नोकरी शोधणारी माणसे फार क्वचित उघडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर आणि बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ नुसार अशा कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे हे जाहीर करावे लागते. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधे येणारा पगार म्हणजे मध्यक. समजा व्यवस्थापकीय संचालकाला सहा कोटी मिळाले आणि गुणोत्तर ८० दिले आहे, तर मध्यक पगार साडेसात लाख. त्याच परिशिष्टात मध्यक पगार वर्षभरात किती टक्के वाढला, कायम कर्मचारी किती आहेत आणि व्यवस्थापकीय पदे वगळून इतरांच्या पगारात सरासरी किती वाढ झाली, हेही असते. नोकरी न बदलता आहे तेथेच इन्क्रिमेंटची बोलणी करणाऱ्याला हा शेवटचा आकडा फार मोलाचा आहे. कंपनीने स्वतः सही करून नऊ टक्के सरासरी वाढ लिहिली असेल आणि तुम्हाला पाच टक्के मिळाले असतील, तर त्यामागचे कारण विचारण्याचा पाया तुमच्याकडे आहे.

त्याच अहवालात, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना, व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल जोडावा लागतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने तो २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सक्तीचा केला आहे. त्यात पुरुष आणि स्त्रिया यांचा मध्यक मोबदला वेगवेगळा दिलेला असतो, कर्मचारी आणि कामगार यांचेही वेगळे आकडे असतात, आणि गेल्या तीन वर्षांत किती टक्के माणसे कंपनी सोडून गेली हेही असते. गळतीचे प्रमाण वर्षागणिक चढत असेल तर त्या कंपनीला माणसे टिकवण्याची गरज आहे, आणि बोलणी करताना तुमचा हात थोडा वर असतो. मात्र मध्यक पगार संपूर्ण कंपनीचा असतो, तुमच्या पदाचा नव्हे; त्यावरून कंपनीची पातळी आणि कल ओळखावा, थेट मागणी ठरवू नये.

नोंदणी नसलेल्या लहान कंपन्यांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एमआयडीसींत काम करणाऱ्यांना लगेच पडेल. खासगी मर्यादित कंपन्यांची आर्थिक पत्रके केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येतात आणि त्यांत कर्मचाऱ्यांवरील खर्च वेगळा दाखवलेला असतो. तेथे कामाला किती माणसे आहेत याचा अंदाज असेल तर ढोबळ सरासरी काढता येते. कंपनीने बँकेचे कर्ज घेऊन पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचे मूल्यमापन) करून घेतले असेल तर क्रिसिल, इक्रा किंवा केअर यांनी प्रसिद्ध केलेले दोन-तीन पानी टिपणही वाचावे. पगाराचा आकडा तेथे नसतो, पण विक्री वाढते आहे की घटते आहे आणि पैशांची ओढाताण आहे का हे कळते. ज्या कंपनीची देणी थकलेली आहेत तिच्याकडून दहा टक्के जास्त मागण्यापेक्षा तेथे जावे की नाही याचा विचार आधी करावा.

महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडणाऱ्यांसाठी एक वेगळी जागा आहे. माहितीपत्रकात सर्वोच्च पॅकेज ठळक छापलेले असते आणि तो आकडा एखाद्या विद्यार्थ्याचा असतो. त्याऐवजी एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीसाठी संस्थेने दिलेली माहिती पाहावी. नोकरी लागलेल्या पदवीधरांचा मध्यक वार्षिक पगार त्यात दिलेला असतो, आणि भाग घेणाऱ्या संस्थांनी ती माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. आपल्याच विभागातल्या आपल्यासारख्या तीन-चार महाविद्यालयांचे आकडे शेजारी ठेवले की नवख्याला किती अपेक्षा ठेवावी हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

सरकारी पदांची वेतनश्रेणी जाहीर असतेच. सातव्या वेतन आयोगाची वेतनपातळी कळली की हिशेब मांडता येतो, आणि माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सरकारी कार्यालयांनी कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. सरकारी अनुदानित संस्थेतले शिक्षक किंवा तंत्रज्ञ काय कमावतात हे पाहून खासगी संस्थेतल्या त्याच कामाचा पगार तोलता येतो.

अमेरिकी कंपन्यांच्या पुण्यातल्या कार्यालयांत जाणाऱ्यांसाठी एक सूचना. कोलोरॅडोत २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियात २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची पट्टी देणे कंपन्यांना बंधनकारक आहे, म्हणून त्याच कंपनीचे तिकडचे आकडे सहज दिसतात. ते रुपयांत रूपांतरित करून येथे मागू नयेत. एका स्तरावरून वरच्या स्तरावर गेल्यावर पगार किती पट होतो, एवढेच त्यांतून घ्यावे. तुम्हाला कोणत्या स्तरावर बसवले जात आहे हे विचारायला ते उपयोगी पडते.

चौथी पायरी : माणसांना विचारणे

आपल्याकडे शेजारच्या मुलाचा पगार लग्नकार्यात मोकळेपणाने विचारला जातो, आणि ज्यांच्याकडून खरी माहिती मिळेल त्या सहव्यावसायिकांना विचारताना मात्र जीभ अडखळते. ही अडचण प्रश्नाच्या शब्दांनी सुटते. "तुम्हाला किती मिळतात?" असे विचारू नये, "सर, चार वर्षांचा अनुभव आणि हे काम, याला सध्या पुण्यात निश्चित पगार साधारण किती ते किती देतात?" असे विचारावे. समोरच्याला स्वतःचा पगार उघड करावा लागत नाही आणि तो निःसंकोच उत्तर देतो. ज्या कंपनीत जायचे आहे तेथून अलीकडेच बाहेर पडलेली माणसे, महाविद्यालयातले वरच्या वर्षांचे विद्यार्थी आणि जुने साहेब यांना आधी विचारावे. आपल्या नेमणूकपत्रात पगार गोपनीय ठेवण्याची अट असेल तर ती वाचूनच स्वतःचा आकडा इतरांना सांगावा. बाजारातला अंदाज विचारण्याला मात्र त्या अटीची आडकाठी नसते.

प्लेसमेंट कन्सल्टंट हा चांगला स्रोत आहे, पण त्याचे हित समजून घेऊन. त्याचे शुल्क कंपनी देते आणि ते बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या टक्केवारीवर ठरते, पण व्यवहार फिसकटला तर त्याला काहीच मिळत नाही. म्हणून तो तुम्हाला मधला, लवकर मान्य होणारा आकडा सुचवतो. या पदाचे बजेट किती आहे हे त्याला थेट विचारावे आणि तीन वेगवेगळ्या कन्सल्टंटना विचारावे. जो उमेदवाराकडूनच पैसे मागतो त्याच्याकडे जाऊच नये.

स्त्रियांना माझे आग्रहाने सांगणे आहे की चौकशी फक्त मैत्रिणींकडे करू नका. मी अनेक वर्षे तेच केले, आणि आम्ही सगळ्याजणी एकमेकींना कमीच आकडे सांगत राहिलो, कारण आम्हाला मिळतच कमी होते. तेच काम करणाऱ्या किमान तीन-चार पुरुष सहकाऱ्यांना विचारा.

पाचवी पायरी : तक्ता आणि तीन आकडे

मिळालेली प्रत्येक माहिती एका तक्त्यात लिहावी : कोणाकडून, केव्हाची, कोणते शहर, किती अनुभव, निश्चित पगार, व्हेरिएबल, पीएफ, आणि कॅन्टीन, बस, पालकांचा विमा असे इतर काही. चाकण किंवा रांजणगावला कंपनीची बस असणे-नसणे महिन्याला काही हजारांचा फरक करते, म्हणून तो रकाना क्षुल्लक समजू नये. दहा-बारा नोंदी झाल्या की दोन वर्षांहून जुन्या आणि वेगळ्या कामाच्या नोंदी गाळाव्यात, उरलेल्या निश्चित पगाराच्या क्रमाने लावाव्यात आणि मधला आकडा पाहावा.

त्यावरून स्वतःसाठी तीन आकडे ठरवावेत. पहिला, बोलणीत मांडायचा. तो तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या एक चतुर्थांश आकड्यांतला असावा आणि त्याच्या समर्थनार्थ किमान दोन नोंदी असाव्यात. दुसरा, ज्यावर तुम्ही समाधानाने रुजू व्हाल तो. तिसरा, ज्याच्या खाली नकार द्यायचा तो. हा तिसरा आकडा घरी शांतपणे, घरखर्च आणि कर्जाचे हप्ते समोर ठेवून ठरवावा आणि लिहून ठेवावा, कारण फोनवर घाईत विचारणा झाली की माणूस तोच आधी सोडून देतो.

सहावी पायरी : प्रत्यक्ष बोलणी

"सध्याचा सीटीसी किती?" हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ नक्की येतो आणि त्यावर तीस टक्के वाढवून प्रस्ताव द्यायचा, असा हिशेब पलीकडे मांडला जातो. खोटे उत्तर कधीही देऊ नये. पगारपत्रके, फॉर्म १६ (कंपनीने दिलेला करकपातीचा दाखला) आणि पीएफच्या यूएएन खात्यातली नोंद यांवरून ते पडताळले जाते, आणि दिलेला प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो. खरे सांगावे आणि लगेच चर्चा कामाच्या बाजारभावाकडे वळवावी : "मॅडम, माझा सध्याचा निश्चित पगार सहा लाख आहे. तो तीन वर्षांपूर्वी, नवखा असताना ठरला होता. आज या कामासाठी पुण्यात साडेसात ते नऊ लाख निश्चित पगार दिला जातो असे मला चौकशीत आढळले आहे, आणि या पदावरची जबाबदारी पाहता माझी अपेक्षा साडेआठ लाखांची आहे." एवढे बोलून थांबावे. स्पष्टीकरणे देत सुटले की आपणच आपला आकडा खाली आणतो.

बोलण्याची योग्य वेळ म्हणजे निवड पक्की झाल्यावर आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधीचे दिवस. रक्कम अडली तर व्हेरिएबलचा काही भाग निश्चित पगारात वळवता येईल का, ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीबाहेर ठेवता येतील का, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार लेखी देता येईल का, हे विचारावे. जोइनिंग बोनस मिळत असेल तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास तो परत करावा लागेल, आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचे पैसे कोण भरणार, हे स्पष्ट करून घ्यावे. तोंडी मान्य झालेली प्रत्येक गोष्ट ई-मेलवर मागावी. मोठ्या भरतीत नवख्यांचा पगार सहसा हलत नाही. तेथे बाँडची (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरायची) रक्कम, नेमणुकीचे शहर आणि प्रशिक्षणकाळातला पगार यांकडे लक्ष द्यावे.

रुजू झाल्यावर पहिले पगारपत्रक ऑफर लेटरच्या परिशिष्टाशी ओळीओळीने ताडून पाहावे, पीएफच्या पासबुकात दोन्ही वाटे जमा झाले का हे दुसऱ्या महिन्यात तपासावे, आणि जमवलेला तक्ता तारीख घालून जपून ठेवावा. वार्षिक आढाव्याच्या दोन महिने आधी त्यात नव्या नोंदींची भर घालायला सुरुवात करायची आहे.